नव्या गड्याची पाळी

माणसे एकत्र बांधून ठेवणारे पुष्कळ लोक मी नोकरीच्या निमित्ताने जवळून पाहिले. त्यांत कारखान्यांचे अध्यक्ष होते, संपादक होते, गणेश मंडळांचे तहहयात कार्याध्यक्ष होते. या सगळ्यांना तराजूच्या एका पारड्यात बसवले आणि दुसऱ्यात माझ्या बायकोच्या राहू गावच्या मामांना एकटे बसवले, तरी मामांचे पारडे खाली जाईल, असे माझे स्पष्ट मत आहे. फरक एवढाच, की मामांनी हे कसब गावच्या राजकारणात कधी वापरले नाही. ते त्यांनी मोबाईलवरच्या एका खेळात दगडी राक्षस पाडण्यासाठी खर्च केले.

माझी आणि त्या खेळाची ओळख मामांनीच करून दिली. वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन मी शिरूरला स्थायिक झालो आणि रोज सकाळी घरी येणाऱ्या अंकातल्या चुका लाल पेनाने काढत बसू लागलो. बायकोने काही महिने ते पाहिले. मग राहूला एका बारशाला गेलो असताना तिने मामांच्या कानावर घातले, की यांना काही तरी उद्योग लावा. मामांनी मला गोठ्यात नेले, माझा फोन मागून घेतला, त्यावर खेळ उतरवला आणि माझ्यासाठी एक धनुर्धारी निवडला. कारण विचारले तेव्हा म्हणाले, "तुम्ही लांबून तीर मारा, जावईबापू. पेपरात तरी दुसरं काय करीत व्हता?"

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जगभरातली माणसे आपापल्या फोनवरून एका काल्पनिक मुलखात वावरत असतात. किरकोळ राक्षस एकट्याला मारता येतात. मोठे राक्षस किल्ल्यांत राहतात आणि त्यांच्यावर टोळीने चालून जावे लागते. या चढाईला रेड म्हणतात, आणि कायम एकत्र रेड करणाऱ्या टोळीला गिल्ड. चढाईच्या वेळी सगळे एकमेकांशी फोनवरूनच बोलत असतात. चांगल्या गिल्डमध्ये नवख्याला सहजासहजी घेत नाहीत. त्याचे चिलखत पाहतात, हत्यार पाहतात, आधी कोणते राक्षस मारले ते विचारतात. मामांच्या गिल्डचे नाव 'राहूची सावड'. तिथे प्रवेशासाठी तीनच प्रश्न होते आणि ते मामा प्रत्येकाला, आवाज जराही न बदलता, विचारत. पहिला, जेवलात का. दुसरा, उद्या येणार का. तिसरा, मेलात तर ओरडणार का. मी पहिल्या दोहोंना हो म्हणालो आणि तिसऱ्याला नाही. मामा म्हणाले, मग झाले. मेल्यावर गप पडून राहायचे, मी उचलायला येतो.

सावड म्हणजे काय, हे राहूच्या माणसाला सांगावे लागत नाही. आज सगळ्यांनी मिळून माझ्या रानात राबायचे, उद्या तुझ्या, परवा त्याच्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, फक्त पाळी चुकवायची नाही. ट्रॅक्टर आले आणि गावातली सावड मोडली. मामांनी ती गिल्डमध्ये चालू ठेवली. किरकोळ राक्षसाकडून काही मिळाले तर ज्याला हवे त्याने घ्यावे, पण मोठ्या राक्षसाचे बक्षीस पाळीनेच जाई, आणि पहिली पाळी कायम सर्वांत नव्या गड्याची. इतर गिल्डमध्ये नेमके उलटे असते, हे मी चौकशी करून खात्रीने सांगतो. तिथे नवख्याला वर्षभर उष्टे-खरकटे मिळते. मामांना याचे कारण विचारले तेव्हा त्यांनी गव्हाणीवर बसल्या बसल्या सांगितले, "जुना माणूस थांबतो. नव्याला अजून आपला भरवसा आलेला नसतो."

गव्हाण आणि गोठा यांचा उल्लेख वारंवार येईल, कारण मामांचे सगळे रण तिथूनच चाले. गोठ्यातल्या दोन्ही दुधाच्या गाई मुलाने नव्या शेडमध्ये हलवल्या होत्या. जुना गोठा रिकामा होता. फोनला रेंज मात्र संपूर्ण वस्तीवर तिथेच येई. मामा रोज तो झाडून घेत. गव्हाणीच्या कडेवर घोंगडी टाकून बसत, चार्जर खुंटीला अडकवत आणि चढाई सुरू होण्यापूर्वी टोपी घालत. समोर कुणी दिसत नाही, मग टोपी कशाला, असे मामी एकदा म्हणाल्या. एवढी माणसे कामाला आलीत, त्यांच्यात बोडके बसावे का, असा मामांचा उलट सवाल होता.

चढाईची वेळ दूध डेअरीत घालून झाल्यावरची, तीही विजेच्या वेळापत्रकावर अवलंबून. शेतीच्या पंपांची थ्री फेज लाईट ज्या दिवशी संध्याकाळी असेल त्या दिवशी लढाई नाही. हे वेळापत्रक मामांना पाठ होते, पण ते वीज कंपनीला पाठ असेलच असे नाही. एकदा ऐन चढाईत लाईट अचानक आली. दौंड तालुक्याकडचे सगळे वीर एका क्षणात हत्यारे टाकून मोटर चालू करायला निघून गेले. किल्ल्यात उरलो मी, एक कंपनी कामगार आणि शिरूरच्या ब्युटी पार्लरवाल्या ताई. मी लगेच मेलो, कामगार माझ्यानंतर. ताई, ज्या आमच्यात सर्वांत तरबेज, त्या राक्षसाला मागे लावून अंगणाला फेऱ्या मारत राहिल्या, आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला अधूनमधून, मेंदी वाळू द्या, हात हलवू नका, असे सांगत राहिल्या. मामा परत आले तेव्हा त्यांनी प्रथम त्या गिऱ्हाइकाची माफी मागितली.

मामांची दिशा सांगण्याची पद्धतही स्वतंत्र होती. ज्या किल्ल्यावर आमची मुख्य मोहीम होती, त्याच्या मध्यभागी एक प्रचंड दगडी राक्षस उभा असे आणि त्याच्या डोक्यातून धूर निघे. खेळातले त्याचे इंग्रजी नाव कुणी उच्चारत नसे. मामांनी त्याला गुऱ्हाळावरून धुरांडं हे नाव दिले होते. एकदा धुरांडं ठरले म्हटल्यावर उरलेला किल्लाही राहूसारखाच भासू लागला. पूर्वेच्या बुरुजाला ते बंधारा म्हणत, पायऱ्यांना चावडी आणि जिथे आग पडते त्या कोपऱ्याला म्हसोबा. "म्हसोबापासनं सरा, बंधाऱ्याकडं पळा," असे ते सांगत आणि जुने गडी बरोबर पळत. मी आगीत उभा राहून मरे. शेवटी मामांनी मला राहूला बोलावून घेतले आणि चपला घालून शिवारातून हिंडवले. हा बंधारा, ही चावडी, इथे थांबायचे, इथून वळायचे. नंतर कळले, की प्रत्येक नव्या गड्याला हा फेरफटका घडलेला आहे. कासुर्डीला हायवेवर दुकान असलेला वेल्डर, जो आमच्यात ढाल घेऊन सर्वांत पुढे उभा राहतो, तो मोटारसायकलवर येऊन पाहून गेला होता. रांजणगावच्या कंपनीत ऑपरेटर असलेला बिहारमधल्या छपऱ्याचा मुलगा साप्ताहिक सुटीला एसटी बदलत आला होता आणि मामींच्या हातचे पिठले-भाकरी खाऊन गेला होता. त्या फेरफटक्यानंतर मी आगीत मरायचा थांबलो. इतरत्र मरत राहिलो.

मी मेलो की मामा मला उचलायला येत. टोळीत ते वैद्य होते. पडलेल्याला उठवण्याचे काम त्यांचे आणि त्यांनी ते कधी टाळले नाही. राक्षस मरायला टेकलेला असो, या म्हाताऱ्याला पडू दे तसाच, असे ताई ओरडत असोत, मामा लढाई सोडून येतच. फक्त येत ते लांबून. तरुणपणी गुळाच्या काहिलीतला उकळता रस त्यांच्या डाव्या हातावर सांडला होता, आणि तेव्हापासून डावा अंगठा नीट वळत नाही. या खेळात डाव्या अंगठ्याने चालायचे असते. त्यामुळे मामांचा वैद्य उजवीकडे चांगला वळे, डावीकडे वळत नसे. मी त्यांच्या डावीकडे पडलो, की ते उजवीकडून पूर्ण वळसा घालून, बंधारा आणि चावडी ओलांडून माझ्यापर्यंत पोचत. "आलो, आलो, पडून ऱ्हावा," हे तेवढा वेळ फोनमध्ये ऐकू येत राही. या वळशाबद्दल गिल्डमध्ये कुणी कधी अवाक्षर काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मामांनी या खेळात स्वतःसाठी काही मागितल्याचेही कुणी ऐकले नव्हते. सावडीच्या पाळीत सगळ्यांची नावे होती, त्यांचेच नव्हते. मोठी वस्तू मिळाली की ती सगळ्यांच्या पडद्यावर दिसे. खाली 'घ्या' आणि 'सोडा' अशी दोन बटणे. ज्याची पाळी त्याने घ्यायचे, बाकीच्यांनी सोडायचे. पण त्यांना एक गोष्ट हवी होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. धुरांडं पाडणाऱ्या टोळीला खेळाच्या त्या हंगामात एक पांढरा बैल मिळणार होता. वर बसून हिंडण्यासाठी, टोळीला एकच. खेळातल्या बाजारपेठेत कुणी परका माणूस तसल्या बैलावरून जाताना मामांना दिसला, तेव्हा ते उजवी-उजवीकडून वळत बराच वेळ त्याच्या मागे गेले आणि शेवटी त्याला मराठीत विचारते झाले, की बैल जुवाला उजवीकडचा का डावीकडचा. तो माणूस कुठल्या देशाचा होता कोण जाणे. त्याने हसऱ्या तोंडाचे चित्र पाठवले आणि तो निघून गेला.

मामांकडे असा एक बैल होता. पवळ्या नाव. त्याची जोडी आधी गेली, मग हा एकटा काही वर्षे त्याच गोठ्यात म्हातारा होऊन गेला. त्याच्या जागी मामांनी दुसरा आणला नाही. त्याच्याविषयी ते कौतुकाने बोलत नसत, उलट तक्रारच करत. पवळ्या डावीकडे वळायला मागायचा नाही. नांगराचे तास, म्हणजे एक लांब चर, संपले, की बांधाशी त्याची आणि मामांची हुज्जत ठरलेली. मामा डाव्या हातातला कासरा ओढायचे आणि तो ढिम्म उभा राहायचा. असले आडमुठे जनावर जिल्ह्यात नसेल, असे मामा सांगत. सांगताना त्यांची नजर खुंटीकडे जाई. चार्जरच्या शेजारच्या खुंटीवर पवळ्याची घुंगरमाळ होती.

हंगाम संपत आला आणि धुरांडं काही पडेना. हंगामाबरोबर तो राक्षस जाणार होता आणि बैलही. शेवटच्या आठवड्यात पार्लरवाल्या ताईंचा मला दुपारी फोन आला. त्यांचे म्हणणे सरळ होते. सर्वांत नवा गडी मी, म्हणजे बैल मिळाला तर पाळी माझी. "काका, तुम्ही बैलावर बसून कुठं जाणार? तुम्हाला चालता तरी येतं का अजून?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, मामांसाठी सोडायला मी तयार आहे, पण मामा घेणार नाहीत. त्यावर ताईंनी योजना सांगितली. आधी बोलायचे नाही. सगळ्यांनी गुपचूप सोडायचे. सगळ्यांनी सोडलेले दिसल्यावर मामा वस्तू वाया जाऊ देणार नाहीत. खळ्यावरचा सांडलेला दाणा वेचणारा माणूस, बैल वाया घालवेल काय? मला हा तर्क बिनतोड वाटला. वेल्डर आणि ऑपरेटरसह बाकीच्यांशी त्या आधीच बोलल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी राहूलाच होतो आणि मामांच्या शेजारी गव्हाणीवर बसून खेळत होतो. घुंगरमाळ खुंटीवर नव्हती. ती खाली फडक्यावर ठेवलेली होती आणि घुंगरे चिंचेने घासलेली दिसत होती. धुरांड्याने आम्हाला दोनदा हाकलले, आणि प्रत्येक वेळी मामांच्या नियमाप्रमाणे सगळ्यांनी आपापल्या घरी चहा घेतला. तिसऱ्या चढाईत वेल्डर शेवटपर्यंत उभा राहिला, मी म्हसोबापासून वेळेत सरलो, ऑपरेटर दोनदा पडला आणि मामांनी त्याला दोनदा वळसा घालून उचलले. मग धुरांड्याच्या डोक्यातला धूर थांबला आणि ते आडवे झाले. पडद्यावर बैल आला होता. शिंगे कमानदार, पाठ रुंद, अंगावर एक डाग नाही. खाली दोन बटणे. मी 'सोडा' दाबले. मग बैल हळूहळू पुसट होत गेला आणि पडद्यावर फक्त किल्ल्याचे अंगण उरले.

मामांनी विचारले, बैल कुणाकडे गेला. ऑपरेटरने आपल्या पडद्यावरची इंग्रजी ओळ वाचून पाहिली आणि म्हणाला, "किसी के पास नहीं गया, मामा. सबने छोड़ दिया." मामा माझ्याकडे वळले. तुमची पाळी होती, म्हणाले. मी सोडला, म्हणालो. कुणासाठी, असे त्यांनी विचारले, तेव्हा फोनमधून वेल्डर म्हणाला, "तुमच्यासाठी, मामा. समद्यांनीच. पन तुम्ही का न्हाई घेतला?"

मामांनी जे सांगितले ते ताईंच्या योजनेत कुठेच नव्हते. ते कधीच थांबून बघत नसत. वस्तू पडद्यावर आली रे आली, की पहिले बोट त्यांचे 'सोडा'वर. इतरांनी काय केले हे पाहण्याआधी, वस्तू काय आहे हे पाहण्याआधी. नव्या गड्याची पाळी होती, मग त्यात बघायचे काय? आम्ही सगळे त्यांच्यासाठी मागे सरलो होतो आणि ते माझ्यासाठी सर्वांच्या आधी सरून बसले होते. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "एवढीबी सावड बरी न्हाई रं, पोरांनो," ते म्हणाले. मग त्यांनी सगळ्यांना चहा घ्यायला सांगितले.

त्यानंतर मामा खेळात दिसेनासे झाले. ऊसतोड चालू आहे, असा निरोप मिळे. ऊसतोड चालूही होती, त्यामुळे खोटे म्हणता येत नव्हते. पुढे कामानिमित्त यवतला गेलो असताना वाकडी वाट करून राहूला गेलो. घुंगरमाळ पुन्हा खुंटीवर होती. गोठा झाडलेला होता. मामांनी बैलाचा विषय काढला नाही. माझी तब्येत विचारली, शिरूरचे पाणी विचारले आणि निघताना एवढेच म्हणाले, की समद्यांची पाळी लावून दिली जावईबापू, आपली कुठं बसती ते काय कवा बघितलंच न्हाई. 

हे मी ताईंना जसेच्या तसे कळवले. बातमी पोचवण्याची सवय. त्यांनी त्यावर विचार केला आणि दोन दिवसांत वेल्डरमार्फत मामांना निरोप गेला, की नवा हंगाम सुरू झाला आहे आणि तुम्हाला सावडीतून काढले आहे. मामांनी कारण विचारले. वेल्डर म्हणाला, काढल्याशिवाय परत घेता येत नाही. परत या, म्हणजे सर्वांत नवे गडी तुम्ही. नियम तुमचाच आहे, आम्ही मोडत नाही. मग मामांनी विचारले, मला घेताना प्रश्न कोण विचारणार. त्याच फोनवर असलेल्या ताई म्हणाल्या, काका.

ठरलेल्या संध्याकाळी दूध घालून झाल्यावर मी शिरूरहून फोन लावला. सगळी टोळी ऐकत होती. मी माझ्या आयुष्यात मंत्र्यांना प्रश्न विचारले आहेत, पण इतका अवघडून कधी बसलो नव्हतो. जेवलात का, असे विचारले. "व्हय, भाकरी खाल्ली." उद्या येणार का? "लाईट नसली तर येतो." तिसऱ्या प्रश्नाला मी अडखळलो. मामाच म्हणाले, विचारा की. मी विचारले, मेलात तर ओरडणार का. "न्हाई ओरडत," मामा म्हणाले. "गप पडून राहीन. कुणीतरी उचलाया येईलच की."

नव्या हंगामात बैल नव्हता. नव्या राक्षसाकडून तपकिरी अस्वल मिळत होते, तेही वर बसून हिंडण्याचे. ते मिळायला पावसाळा उजाडला. या वेळी ताई आधीच बजावून होत्या, की मामांनी बोट खिशात ठेवावे आणि सांगितल्यावरच बाहेर काढावे. अस्वल मामांना मिळाले. खेळाने त्याचे नाव विचारले, तेव्हा त्यांनी ते एका बोटाने, वेळ घेऊन लिहिले. त्या अस्वलाच्या डोक्यावर आता 'पवळ्या' अशी पाटी तरंगते आणि मामा त्याच्यावर बसून बाजारपेठेतून रोज एक फेरी मारतात, सगळी उजवीकडून.

परवा मी त्यांना विचारले, बैलाऐवजी अस्वल, जमते का. मामा गव्हाणीवर बसले होते. डावा अंगठा काचेवर टेकवून त्यांनी अस्वलाला डावीकडे वळवायचा प्रयत्न केला. अस्वल जागचे हलले नाही. मग ते उजवीकडून सावकाश पूर्ण गोल फिरले आणि हवे तिथे येऊन उभे राहिले. मामा त्याच्याकडे बघत राहिले.

"शिंगं न्हाईत बिचाऱ्याला," ते म्हणाले. "पन डावीकडं वळाया मागत न्हाई, बघा. आपलाबी तसाच व्हता."